कोकोची खुडणी

पुत्तूरजवळ,
२१ जून १९९८

चि. ममतास, किसनसिंग मामाचा ओल्या कागदावरून आशीर्वाद. अक्षर फुटलं असेल तर दोष पावसाचा, माझा नाही. कापसाच्या जिनिंगच्या गेटवर वीस वर्षं गाड्यांचे नंबर लिहिले, त्यामुळे माझं अक्षर कसं आहे ते तुला माहीत आहे. पत्र लिहितानाही आधी वर गाडीचा नंबर टाकावा असं वाटतं. लोहाऱ्याचं जिनिंग बंद पडलं, पण सवय बंद पडली नाही.

मी पोचलो. मुकादम देवसिंग विजापूरकडचा आहे, आपल्याच बंजाऱ्यांच्या गोर बोलीत बोलतो. नाहीतर मी इथं मुका झालो असतो, कारण बाकी लोक काय बोलतात ते देव जाणे. मालक पद्मय्या म्हणून म्हातारा आहे. माणूस चांगला, पण त्याला हातभर अंतरापलीकडचं दिसत नाही. सुपारीची वाडी आहे आणि सुपारीच्या सावलीत कोकोची साठ झाडं. ती साठ माझ्याकडे दिली आहेत. ममता, या झाडाला फळ फांदीच्या टोकाला लागत नाही, थेट बुंध्याला लागतं. पहिल्या दिवशी मला वाटलं, कोणीतरी चेष्टेनं चिकटवून ठेवलं.

आता कामाचं. फळं बोंडाएवढी झाली की पिवळी पडतात, मग काळी होतात आणि झाडावरच वाळून राहतात. वर बुरशी चढते. शंभरातली दहाही टिकत नाहीत. माझ्या आधीच्या माणसाला ती टिकवता आली नाहीत म्हणून तो गेला. पद्मय्यानं देवसिंगमार्फत सांगितलं आहे, या हंगामात फळं टिकवली तर मागची कौलारू खोली तुझी, बायकोला घेऊन ये. सध्या मी सुपारीच्या शेडमध्ये सात गड्यांच्या रांगेत झोपतो. तिथं तुझ्या मामीला कसं आणू? ती तांड्यावर एकटी आहे. लग्नाला तीस वर्षं झाली, आम्ही इतके दिवस कधी वेगळे राहिलो नाही. हे मी तिला लिहीत नाही, कारण तिला वाचता येत नाही आणि दुसऱ्यानं तिला हे वाचून दाखवावं असं मला वाटत नाही. तुला लिहिलं.

तू झाडांचे रोग शिकलीस. हे काय आहे ते सांग. माझ्या डोक्यात एक गोष्ट आली आहे. झाड फळांकडे लक्ष न देता नुसती लाल लाल पालवी काढत बसतं. आपण कापसाची पऱ्हाटी माजली की शेंडे खुडतो, तसं इथं करावं का?

फोन दुकानात एकच आहे, पावसात तोही मुका. पत्रच लिही.

तुझा मामा

*

यवतमाळ,
३ जुलै १९९८

ती. मामांस सा. न.

तुमचं पत्र दहा दिवसांनी मिळालं. त्याच दिवशी कळंबला तांड्यावर जाऊन मामीला भेटले. ती बरी आहे. तांड्यावर पेरणी झाली आहे, पण कोणाच्या तोंडावर पेरणीचा आनंद नाही. मागच्या वर्षी अळीनं बोंडं खाल्ली ती सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहेत. मामीनं विचारलं, "तुहे मामा जेवतेत का बराबर?" मी हो म्हटलं. तिनं परत विचारलं, "अन् मले कवा नेतेत?"

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात कोकोवर पाऊण पान सापडलं. तासिकेवर शिकवणाऱ्या बाईला कपाटाची किल्ली मिळवायलाच दोन दिवस लागले, पण सापडलं. तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे मामा. जून पान साखर तयार करतं. कोवळं पान तयार करत नाही, नुसतं खातं. फळंही खातात. झाडाची साखर सगळ्यांना पुरली नाही की ते लहान फळांचा पुरवठा तोडतं. फळ उपाशी मरतं आणि मेलेल्या फळावर बुरशी बसते. म्हणजे बुरशी मागून येते, आधी साखर संपते.

शेंडे खुडण्याचं पुस्तकात लिहिलेलं नाही. पण गणित पऱ्हाटीचंच दिसतं. कोवळी पालवी काढली तर तिच्या वाटची साखर फळांना जाईल. करून पाहा. माझी तरी काही हरकत दिसत नाही.

खरं सांगू का, तुम्ही मला विचारलंत याचा मला फार आनंद झाला. इथे मला कोणी काही विचारत नाही. हजेरी घ्या आणि तास संपवा, एवढंच असतं.

तुमची ममता

*

पुत्तूरजवळ,
८ ऑगस्ट १९९८

चि. ममता मॅडमला मामाचा सलाम.

मॅडम म्हणतो कारण तू ती आहेस. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी खुडायला लागलो. अंगठ्याच्या नखानं, टचकन, आपण पऱ्हाटीत करतो तसं. वरच्या फांद्यांसाठी बांबूला आकडी बांधली. साठ झाडांना चार दिवस लागले. शेडमधले गडी माझ्याकडे बघून हसत होते. हसू दिलं. मी कापसाच्या गावचा आहे हे त्यांना काय माहीत!

आणि फळं टिकली. परवा मोजली तर शंभरातली साठ हिरवी होती. पद्मय्या रोज काठी टेकत येतो, एकेका बुंध्याशी बसतो आणि फळांवरून हात फिरवतो. काहीतरी पुटपुटतो. देवसिंग म्हणाला, "अरे, तो फळायले नावं देऊन राह्यला." नातवंडांची नावं.

एकच आहे. हे झाड पऱ्हाटीपेक्षा हट्टी आहे. खुडलं की वीस दिवसांत परत पालवी. तुझ्या उत्तराची वाट पाहिली असती, पण तुझं पत्र यायला दहा दिवस लागतात आणि पालवीला तेवढा धीर नाही. म्हणून मागच्या आठवड्यात दुसऱ्यांदा खुडलं. तू सांगितलेलं गणितच चालवतो आहे.

मामीला सांग, सामान बांधू नको, पण काय काय बांधायचं ते मनात ठरव.

मामा

*

यवतमाळ,
१९ ऑगस्ट १९९८

ती. मामांस सा. न.

तुमचं पत्र मी वर्गात वाचून दाखवलं. पुस्तकात नसलेली गोष्ट माझ्या मामांनी करून दाखवली, असं सांगितलं. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा ऐकत होती. मामीला सांगितलं तर ती रडली आणि मग बकऱ्यांना ओरडत बाहेर गेली.

दुसऱ्यांदा खुडायचं माझ्या मनात नव्हतं. पण फळं टिकली आहेत तर चूक कशी म्हणू? मी विद्यापीठातल्या माझ्या जुन्या सरांना पत्र टाकून विचारलं आहे. झाडांमधली साखर आणि बुरशी हाच त्यांचा विषय होता. उत्तर येईपर्यंत तिसऱ्यांदा खुडलं नाही तरी चालेल असं वाटतं.

ममता

*

पुत्तूरजवळ,
३० ऑगस्ट १९९८

चि. ममतास आशीर्वाद.

खोली मिळाली! कौलारू आहे, एक खिडकी आहे, चुलीला जागा आहे. काल मी तिथं एकटाच झोपलो आणि झोप आली नाही, एवढी शांतता होती. तुझ्या रुक्मामामीला बारा तारखेपर्यंत पाठव. यवतमाळहून तू गाडीत बसवून दे. पुढे देवसिंगचा भाऊ तिला विजापुरात उतरवून घेईल आणि इथपर्यंत आणून सोडेल.

तुझं पत्र मिळालं तेव्हा तिसरी खुडणी होऊन गेली होती. काळजी करू नको. फळं माझ्या हाताच्या पंजाएवढी झाली आहेत.

आणि ऐक. ओढ्याकाठच्या बाकीच्या वाड्यांतले लोक बघायला येतात. त्यांची फळं काळी, माझी हिरवी. भाषा येत नाही, पण खुडायला भाषा कशाला लागते? मी अंगठा दाखवतो, शेंडा धरतो, टचकन. त्यांना लगेच कळतं. अकरा वाड्यांत शिकवून आलो. एका बाईनं मला गूळ आणि पाणी दिलं. ममता, जिनिंग बंद झाल्यापासून मला कोणी बसा म्हटलं नव्हतं.

तुझा मामा

*

यवतमाळ,
९ सप्टेंबर १९९८

ती. मामांस,

हे पत्र मिळेल त्या क्षणी खुडणं थांबवा. आधी हे, बाकीचं नंतर वाचा.

सरांचं उत्तर आज आलं. मी त्यांचं पत्र पाच वेळा वाचलं. काही बुरश्यांना साखर भरलेलं झाड आवडतं, काहींना उपाशी झाड. ही दुसरी जात झाडाच्या लाकडात गुपचूप बसून राहते. झाडात साखर आहे तोवर झाड तिला अडवून धरतं. साखर संपली की ती वरच्या काड्यांपासून खाली वाळवत येते.

तुम्ही पालवी खुडता तेव्हा नवी पालवी कुठून येते? खोडात साठवलेल्या साखरेतून येते. पान जून झालं की ते घेतलेली साखर परत देतं. आपण ते जून होऊच दिलं नाही. तीनदा. फळं भरली ती खोडाच्या ठेव्यावर. पऱ्हाटी एका हंगामाची असते, वेचणी झाली की आपण ती उपटतो. तिला पुढचं वर्षच नसतं, म्हणून तिथं खुडणी चालते. कोकोला तीस वर्षं जगायचं असतं. हे मला सुचायला हवं होतं. मी झाडांचा अभ्यास केलेली बाई आहे आणि मी कापसाच्या गावची असल्यासारखं उत्तर दिलं. चूक माझी आहे, तुमची नाही.

झाडांचे शेंडे बघा. वर काड्या उघड्या पडल्या आहेत का? एखादी काडी कापून आत तपकिरी रेघ दिसते का? आणि त्या अकरा वाड्यांना सांगा. कसंही करून सांगा.

आणखी एक. मामीनं बकऱ्या शेजारी देऊन टाकल्या, भांडी पोत्यात बांधली. परवा मी तिला गाडीत बसवणार आहे. आज ती माझ्याकडेच मुक्कामाला आली आहे, मी हे लिहिते आहे आणि ती माझ्या समोर बसून तुमच्यासाठी तिळाची चटणी डब्यात भरते आहे. मला तिला सांगता आलं नाही. "काय लिहून राह्यली व?" असं तिनं विचारलं. मी म्हटलं, मामांना कळवते की तू निघालीस. तिच्याबरोबर हेच पत्र पाठवलं असतं तर लवकर पोचलं असतं, पण तिच्या हातून हे पाठवायची माझी हिंमत झाली नाही. मी ते पोस्टात टाकणार आहे.

ममता

*

पुत्तूरजवळ,
४ ऑक्टोबर १९९८

चि. ममतास,

उत्तर द्यायला उशीर केला. कारण काही नाही, लिहवत नव्हतं.

रुक्मा पंधरा तारखेला आली. तुझं पत्र एकोणीसला आलं. चार दिवस आम्ही चांगले राहिलो.

पत्र वाचून वाडीत गेलो आणि मान वर केली. तुला सांगतो, इतक्या दिवसांत मी या झाडांच्या वर पाहिलंच नव्हतं. फळ बुंध्याला, म्हणून डोळे बुंध्याला. आकडीनं खुडतानाही हाताला लागेल तेवढाच शेंडा पाहिला. वर काड्या उघड्या आहेत. मोजलं. साठपैकी सदतीस झाडं. एक फांदी कोयत्यानं कापली, आत तू लिहिलीस तशी रेघ होती, बोटभर रुंद. दुसरी कापली, तिच्यातही.

मी लपवलं नाही. त्याच दिवशी देवसिंगला घेऊन पद्मय्याकडे गेलो. मी गोर बोलीत सांगितलं, देवसिंगनं त्यांच्या बोलीत. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग उठला, जवळच्या झाडाच्या फळावर हात ठेवला आणि हसला. वीस वर्षांत एवढी फळं लागली नाहीत, म्हणाला. वाळली काडी त्याच्या हातात दिली, त्यानं ती चाचपून टाकून दिली. पावसात काड्या वाळतातच, म्हणाला. आणि वर सांगितलं, दसरा झाला की वरच्या वाडीतही खुडणी कर, तिथं दोनशे झाडं आहेत. देवसिंग बाहेर आल्यावर मला म्हणाला, "काहून डोकं खाऊन राह्यला तू? खोली भेटली ना!"

मग ओढ्याकाठच्या वाड्यांत गेलो. ममता, खुडायचं कसं ते मला अंगठ्यानं दाखवता आलं. खुडू नका हे कसं दाखवायचं? मी शेंडा धरला आणि मान हलवली. त्यांना वाटलं, असा नाही तसा खुडा म्हणतो. एकाच्या हातातून पालवी सोडवली तर तो चिडला. देवसिंगला घेऊन गेलो तर ते त्याला म्हणाले, आता याला खोली मिळाली, म्हणून युक्ती स्वतःजवळ ठेवतो आहे. ज्या बाईनं गूळ दिला होता तिनं मला बघून फाटक लावून घेतलं. तुझं पत्र मी खिशात घेऊन गेलो होतो. ते मराठीत, तिथं कोणाला वाचता येणार?

आता खरं लिहितो. दसरा उलटून तीन दिवस झाले. आज वरच्या वाडीत खुडणी सुरू झाली. मी केली. मला माहीत होतं, तरी केली. मी नाही म्हणालो असतो तर दुसऱ्यानं केली असती आणि आम्ही बाहेर गेलो असतो. तांड्यावर आता काय आहे? बकऱ्याही नाहीत. रुक्मानं खोली शेणानं सारवली आहे, खिडकीला तिच्या जुन्या फेटिया घागऱ्याच्या आरशांचा पडदा केला आहे. सकाळी तीही माझ्याबरोबर आली. कापूस वेचायला तिच्याइतका चपळ हात आपल्या तांड्यात नव्हता, तुला माहीत आहे. मी एका झाडाचं करतो तोवर ती दोन उरकते. दुपारी म्हणाली, "कापसापक्षा सोपं हाय हे. काटे नाही, ऊन नाही. आधी काहून नाही आणलं मले?" मी पुढचं झाड धरलं.

तिला हे काही माहीत नाही. तू तिला कळवू नकोस. तशी तिला वाचता येत नाहीच, तुझी पत्रं मीच वाचून दाखवतो.

झाडाच्या लाकडात परत साखर भरता येते का? वरून काही देता येतं का? तुझ्या सरांना विचार.

मामा

*

यवतमाळ,
१५ ऑक्टोबर १९९८

प्रिय रुक्मामामीस,

हे पत्र या वेळी तुझ्या नावानं लिहिते आहे. मामा तुला वाचून दाखवतील.

मामा, आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. या वेळी पत्राची वाट न पाहता सरांना फोन करून विचारलं. वरून साखर देता येत नाही. झाडानं स्वतः केली तरच ती होते आणि त्यासाठी पानं लागतात. पालवी अजिबात न खुडता वाढू दिली, वाळलेल्या फांद्या खाली चांगलं लाकूड लागेपर्यंत कापून जाळल्या, तर काही झाडं वाचतील. किती वाचतील ते सरांना सांगता आलं नाही. वरच्या वाडीतली झाडं एकदाच खुडली असतील तर ती सगळी वाचतील असं त्यांना वाटतं. दुसऱ्यांदा खुडली तर नाही. म्हणजे तुमच्याकडे वीस दिवस होते, त्यातले दहा तुमच्या पत्राच्या वाटेत गेले आणि उरलेले या पत्राच्या वाटेत जातील.

तुम्ही मामीला कळवू नको म्हणालात. मी खूप विचार केला. देवसिंगकरवी निरोप धाडावा म्हटलं, तर तोच तुम्हाला गप्प बस म्हणतो. दुसरं कोणी तिथं आपल्या भाषेतलं नाही. मामीपर्यंत पोचायचं तर तुमच्याच तोंडून पोचावं लागतं. इथपर्यंतचं तुम्ही मनात वाचलं असेल तर हरकत नाही. पुढचं मोठ्यानं वाचा. मामा, माझी शपथ आहे.

मामी, तू खुडतेस त्या पालवीनं ती झाडं मरतात. लगेच मरत नाहीत, आधी फळं मोठी होतात, म्हणून कोणाचा विश्वास बसत नाही. मामांना ही खुडणी मी सांगितली. त्यांनी मला विचारूनच सुरुवात केली होती. तुला गाडीत बसवलं तेव्हा मला सगळं माहीत होतं आणि मी तुझ्या पाया पडले, पण बोलले नाही. त्याचं मला फार वाईट वाटतं.

मामांनी मालकाला सांगितलं, शेजारच्या वाड्यांना सांगितलं. कोणी ऐकलं नाही. तुला मात्र त्यांनी सांगितलं नाही, कारण तू पडदा लावलास, खोली सारवलीस. तू नाही म्हणालीस तर कदाचित खोली जाईल. माझ्याकडे इथे एकच खोली आहे, पण तुम्ही दोघं आलात तर आपण तिघं राहू. हे मी उगाच लिहीत नाही.

तुझ्याइतका चपळ हात तिथं कोणाचा नाही. तू थांबलीस तर वरच्या वाडीची दुसरी खुडणी वेळेत होणारच नाही.

हे तुझ्या कानावर पडलं की नाही, हे मला इथून कळायचं नाही. तुझा अंगठा उठवून पाठव असं लिहिणार होते. पण न वाचता नुसता अंगठाही घेता येतो. म्हणून काही मागत नाही.

तुझी ममता